हरीण साफ करायला फिक्स्ड ब्लेड चाकू कुठला घ्यावा? (विस्कॉन्सिन, पहिलाच सीझन)

मॅडिसनकर

नमस्कार मंडळी. शिकारीचा धागा बघून काहींच्या भुवया वर जाणार म्हणून आधीच सांगून टाकतो, मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, हंटर सेफ्टीचा कोर्स केलाय, लायसन काढलंय, आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे जो नऊ दिवसांचा गन डिअर सीझन सुरू होतो त्यात ऑफिसातल्या एका मित्राच्या शेतावर जाणार आहे. केशरी जाकीट झालं, बूट झाले, रेंजवर सराव झाला. गाडी अडलीये ती चाकूवर.

मित्राचा नियम असा की ज्याने पाडलं त्यानेच पोट साफ करायचं, जागेवर. तो शेजारी उभा राहून सांगेल पण हात लावणार नाही. मटण घरी मीच आणतो पण ते खाटकाकडून कापून पिशवीत भरून, त्यामुळे या विषयात पाटी कोरी. दुकानात गेलो तर अख्खी भिंत चाकूंची, आणि तिथला पोरगा मला सहा इंची बक ११९ दाखवून म्हणाला हाच घ्या, पिढ्यान्‌पिढ्या लोक हाच वापरतात. दिसायला झकासच आहे, काळी मूठ, टोकाशी बाक. पण दुसरीकडे यूट्यूबवर लोक तीन इंची पात्याने काम करताना दिसतात.

तर प्रश्न: पातं किती लांब, गट हुक (पात्याच्या पाठीवरचा, पोट उघडायचा आकडा) असावा का, स्टील कुठलं, आणि फोल्डिंगने काय बिघडतं? बजेट शंभर डॉलर, कमीत झालं तर उत्तमच.

शाकंभरी

दुकानात सगळं मिळत असताना मुक्या जनावराला मारायची हौस कशाला? मराठी माणसाने हे शिकायलाच हवं होतं का अमेरिकेत जाऊन?

सावजीप्रेमी

शाकंभरीताई, दुकानातलं चिकनसुद्धा झाडाला लागत नाही हो. हलकं घ्या. इकडे लांडगे बहुतेक भागातून संपवले गेले, हरणं बेसुमार वाढली, शेतं खातात, रात्री गाड्यांखाली येतात. लायसनच्या पैशातूनच जंगलखात्याचं बरंचसं काम चालतं. तुमचा विरोध मान्य आहे पण तो वेगळ्या धाग्यावर मांडा, इथे बिचाऱ्याने चाकू विचारलाय.

मॅडिसनकर भाऊ, मी शेजारी मिनेसोटात असतो, मूळ नागपूर, नावावरून कळलंच असेल. बक ११९ परत ठेवा. चाकू वाईट नाहीये, उलट फार नावाजलेला आहे, पण हरणाच्या पोटासाठी तो मोठा पडतो. लोक सांगतात लहान घ्या, पण का ते कोणी सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

हरीण पाठीवर पालथं, सॉरी, उताणं टाकायचं. मागच्या तंगड्या फाकवायच्या, कुणीतरी धरली तर बरं. मांड्यांच्या मधून कातडीला चिमटा काढून वर ओढायचं आणि छोटी चीर पाडायची, फक्त कातडी आणि खालचा पातळ स्नायू. आता डाव्या हाताची दोन बोटं त्या चिरेत घालायची, तळवा आभाळाकडे, बोटांचा इंग्रजी व्ही करायचा, आणि पातं त्या व्हीच्या मधे, धार वर करून, छातीच्या हाडापर्यंत सरकवत न्यायचं. बोटं आतडी खाली दाबून धरतात, पातं वरची कातडी आतून बाहेर कापतं. आतून बाहेर का, तर हरणाचे केस आतून पोकळ आणि चिवट असतात, बाहेरून कापलंत तर धारही मरते आणि मांसभर केस होतात. आता या दोन बोटांच्या मधे सहा इंची पातं धरून बघा. टोक कुठे चाललंय हे कळत नाही, आणि टोक पोट्यात, म्हणजे जठरात, घुसलं की अर्धवट पचलेला चारा भसकन बाहेर. तो वास एकदा मांसाला लागला की तेवढा भाग कापून टाकण्यावाचून इलाज नाही.

पण खरी परीक्षा पुढे आहे. पोट उघडलं की छाती आणि पोट यांच्या मधला पडदा बरगड्यांच्या कडेकडेने कापायचा. मग एक हात कोपरापर्यंत छातीत घालायचा, हृदय-फुप्फुसांच्या वरून मानेकडे, आणि श्वासनळी शोधायची. ती हाताला लगेच कळते, कडक, वळ्या-वळ्यांची नळी. ती मुठीत धरायची. आणि मग दुसरा हात चाकू घेऊन त्याच अंधाऱ्या भोकात, पहिल्या हाताच्या पुढे, आणि न बघता कापायचं. दिसत काहीही नाही. रक्त कोमट असतं, बाहेर थंडी शून्याच्या खाली, बोटं बधिर आणि बुळबुळीत. शिकाऱ्यांचे स्वतःचे हात जे कापतात ते बहुतेक या जागी. इथे पातं असं हवं की तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवली की टोक बोटाच्या पेराच्या जरासंच पुढे राहील, म्हणजे टोक कुठे आहे ते डोळ्याने नाही, बोटाने कळतं. साडेतीन इंच, फार तर चार. संपला विषय. नळी तुटली की धरून मागे ओढा, सगळं एकसंध बाहेर येतं.

फिक्स्ड की फोल्डिंग? फोल्डिंगच्या सांध्यात रक्त, चरबी, केस जाऊन बसतात आणि संध्याकाळी टूथब्रश घेऊन बसावं लागतं. लॉक चिकट झालं की धोकाही. फिक्स्ड चाकू नळाखाली धरला की झालं.

पोलादी

सावजीप्रेमींना +१. लांबीचं सगळं आलं, मी स्टीलबद्दल बोलतो, पुण्यात हीट ट्रीटमेंटच्या धंद्यात आयुष्य गेलंय.

लोक स्टीलच्या नावांच्या मागे लागतात आणि पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलंय, ते विचारतच नाहीत. त्याच ४२० एचसी स्टीलला एक कारखाना नीट पाणी देतो आणि पातं चांगलं दिवसभर टिकतं, दुसरा देत नाही आणि ते दोन कापांत बसतं. बक कंपनी अनेक वर्षं ४२० एचसीच वापरते, कागदावर साधं स्टील आहे, पण त्यांची हीट ट्रीटमेंट पक्की म्हणून चालतं.

साधारण गणित असं. कार्बन जास्त म्हणजे कडकपणा जास्त मिळू शकतो, क्रोमियम तेराच्या आसपास किंवा वर म्हणजे गंजायला सहजी तयार नाही. सँडविकचं १२सी२७ घ्या, कार्बन ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा. बारीक दाण्याचं स्टील, घरच्या दगडावर पटकन धार घेतं. एस३०व्ही मध्ये कार्बन १.४५ आणि वर ४ टक्के व्हॅनेडियम, त्याचे कार्बाइड, म्हणजे पोलादातले कडक कण, इतके कठीण की धार खूप टिकते, पण गेली की साध्या दगडावर घासत बसा, डायमंड प्लेट लागते. आणि १०९५ म्हणजे साधं कार्बन स्टील, जवळजवळ ०.९५ टक्के कार्बन, क्रोमियम नाहीच, धार अप्रतिम पण रक्तात मीठ असतं हे विसरू नका, रात्रभर तसंच म्यानात राहिलं तर सकाळी पात्यावर काळे डाग आणि खड्डे.

ज्याला वर्षातून एकदोन हरणं साफ करायचीत त्याला एस३०व्हीची गरज काय हे मला कळत नाही. जे स्वतःला धार लावता येतं ते स्टील चांगलं.

मॅडिसनकर

सावजीप्रेमी, वाचता वाचता हात खिशात गेले राव. आता चाकूपेक्षा श्वासनळीचीच जास्त भीती वाटायला लागलीये. छातीचं हाड कापून उघडलं तर दिसेल ना आतलं? मग आंधळं कापायची भानगडच नको.

सावजीप्रेमी

कापू शकता, बरेच जण कापतात. पण त्याला छोटी करवत घ्या, चाकूने नको. लहान हरणाच्या बरगड्या हाडाच्या जरा बाजूने, कूर्चेतून चाकूने जातात, मोठ्या नराच्या जात नाहीत आणि मग लोक चाकू पिरगाळतात. पिरगाळला की टोक तुटतं किंवा हात सटकतो. डोकं भिंतीवर लावायचा विचार असेल तर छाती वरपर्यंत फाडायची नसते, पेंढा भरणाऱ्याला तिथली कातडी लागते. तुमचा तो विचार नसेल तर करवत झिंदाबाद.

मटणवाले_कोल्हापूर

धागा वाचून मजा आली. आमचं तीन पिढ्यांचं मटणाचं दुकान, शिकार कधी केली नाही पण बोकड सोलायचं काम लहानपणापासून. तुमच्या त्या तीन-साडेतीन इंचाला माझं अनुमोदन. दुकानात गिऱ्हाईकाला दिसतो तो मोठा सुरा आणि सत्तूर, ओंडक्यावर तुकडे करायला. सोलायला आणि पोट काढायला आत जी सुरी असते ती बारीक, घासून घासून आणखीच बारीक झालेली. नवीन पोरगा कामाला आला की मोठा सुरा उचलतो, वडील त्याच्या हातातून काढून घेतात.

आणखी एक, सोलताना चाकू फारसा वापरूच नका. पहिली चीर चाकूने, मग जनावर गरम असेतो मूठ घालून कातडी सोडवायची, अंगठ्याच्या मागच्या हाडाने दाबत दाबत. चाकू लागतो तो फक्त जिथे चिकटलंय तिथे, पायाच्या सांध्याला, मानेला. त्यामुळे मांसावर वेडेवाकडे घावही पडत नाहीत आणि धारही राहते.

एक शंका. बोकडात आम्ही सगळ्यात जपतो ते पित्ताला. पित्ताची पिशवी फुटली की काळीज (कलेजी) कडूजहर, टाकूनच द्यायचं. हरणाच्या बाबतीत त्याबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही ते कसं काय?

सावजीप्रेमी

मालक, कारण हरणाला पित्ताशयच नसतं! व्हाइटटेल, एल्क, मूस, सगळ्यांचं तेच. काळीज बिनधास्त काढा. जपायचं ते पोट्याला आणि लघवीच्या पिशवीला. ती पिशवी मागच्या बाजूला, भरलेली असली तर बोटांनी तोंड चिमटीत धरून कापायची.

मटणवाले_कोल्हापूर

आयला! हे नवीनच. घरी जाऊन वडिलांना सांगतो, विश्वास ठेवणार नाहीत.

उत्तरेची_काकू

मी स्वीडनमध्ये, दालार्ना भागात. मोरा गाव इथून जवळच, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच मान्य. पण मॅडिसनकर, शंभर डॉलर कशाला घालवतोस रे, मोराचा कम्पॅनियन घे, स्टेनलेसवाला. पातं १०४ मिलिमीटर, म्हणजे चार इंचाला किंचित जास्त, जाडी अडीच मिलिमीटर, स्टील हेच पोलादी यांनी सांगितलेलं सँडविक. म्यान प्लास्टिकचं, गरम पाण्याने धुतलं की स्वच्छ. वीस डॉलरच्या आसपास मिळावा तिकडे. इथे सुतार, प्लंबर, मासेमार आणि आमची मूस मारणारी मंडळी सगळ्यांच्या कमरेला तोच असतो आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

लोक म्हणतील फुल टँग नाही, म्हणजे मुठीच्या शेवटपर्यंत पोलाद गेलेलं नाही. अरे पण तुला त्याने लाकडं फोडायची नाहीयेत. पोट फाडायला किती जोर लागतो?

गट हुकबद्दल. पात्याच्या पाठीवरचा तो हूक मला आवडत नाही. झिप उघडावी तसं सुरुवातीला मस्त चालतं, मग त्यात केस आणि चरबी अडकते, आणि आतल्या बाजूला धार लावायला गोल सळई लागते, ती कुणाकडे नसते. आमच्याकडे त्यापेक्षा साधी युक्ती आहे, पोट उघडायचं वेगळं पातं मिळतं ज्याचं टोक मुद्दाम गोल बोथट ठेवलेलं असतं. ते आतड्यांवरून नुसतं घसरत जातं, भोक पाडत नाही. एस्किलस्टुना गावच्या ईका कंपनीचा स्विंगब्लेड नावाचा चाकू आहे, बटण दाबून पातं फिरवलं की एका बाजूला साधं टोक, दुसऱ्या बाजूला हे बोथट टोक. मूससाठी मी तोच वापरते, कारण चारशे किलोच्या नराच्या पोटात एकदा पोटा फुटला तर अख्खी टोळी मला महिनाभर ऐकवेल. हरणाला मात्र तुझ्या दोन बोटांचा व्ही पुरे.

मुठीचा रंग केशरी घे हं. हिरवी-काळी मूठ पानांत ठेवलीस की गेली.

किवी_कोकणी

न्यूझीलंडवरून नमस्कार, मूळचा सावंतवाडीचा. इकडची परिस्थिती निराळी म्हणून लिहितो. वटवाघळं सोडली तर इथे मूळचा जमिनीवरचा सस्तन प्राणीच नाही, हरणं गोऱ्यांनी १९व्या शतकात आणून सोडली आणि आता ती जंगल खाऊन टाकतात, त्यामुळे सरकारी संरक्षित जमिनीवर परमिट काढलं की वर्षभर शिकार चालते, किती मारावीत याला मर्यादा नाही. पण गाडी दरीच्या खाली आणि हरीण डोंगरावर. अख्खं हरीण कोण ओढणार! मग पोट न उघडताच मागचे पाय, पाठीचे लांब पट्टे, खांदे काढून बॅगेत भरून चालू लागायचं.

त्या कामाला मला दोन चाकू बरे वाटतात, एक छोटा ड्रॉप पॉइंट, म्हणजे पात्याची पाठ टोकाकडे हळूच खाली उतरलेला, आणि एक बारीक लवचीक बोनिंग चाकू, पाच इंची, कत्तलखान्यात वापरतात तसला. इथला व्हिक्टरी ब्रँड तसले बनवतो, पिवळी-केशरी प्लास्टिकची मूठ, बाकी दिखावा शून्य. मॅडिसनकरला शेतात ट्रॅक्टर किंवा एटीव्ही (रानात चालणारी छोटी उघडी गाडी) येणार असेल तर दुसरा चाकू घरीच ठेवावा, हाडापासून मांस सोडवायला गॅरेजमध्ये लागेल.

सर्जिकल ब्लेडवाले चाकू, ज्यांची पाती बदलता येतात, त्यांच्याबद्दल कोणी बोललंच नाही?

पोलादी

बोलतो. ती पाती म्हणजे शस्त्रक्रियेची स्काल्पेल, थोडी मोठी केलेली. धार भयंकर. कातडी सोलायला, डोळ्या-कानाभोवतीचं नाजूक काम करायला मस्त. पण जाडी नगण्य, बाजूने जोर दिला की कडकन तुटतात. तुटलेला तुकडा छातीच्या पोकळीत गेला की रक्तात शोधत बसा, हाताला लागेल ती वेगळीच भीती. आणि हातमोजे घालून, बुळबुळीत अवस्थेत पातं बदलणं हे काम पहिल्यांदा करणाऱ्याला मी तरी सुचवणार नाही. दुसरा चाकू म्हणून खिशात ठेवा.

सावजीप्रेमी

किंचित असहमत. माझे दोन शेजारी फक्त तेच वापरतात, दरवर्षी, कुणाचं काही बिघडलेलं नाही. धार लावायचा कंटाळा असणाऱ्याला ती पाती म्हणजे वरदान, कारण बोथट चाकूने जबरदस्तीने कापणं हा सगळ्यात मोठा धोका.

पोलादी

धार लावायचा कंटाळा असेल तर शिकारच कशाला करावी?

सावजीप्रेमी

काका, सगळे तुमच्यासारखे पोलादप्रेमी नसतात हो.

मॅडिसनकर

भांडू नका. कळतंय ते असं: साडेतीन ते चार इंच, ड्रॉप पॉइंट, गट हुक नको, साधं स्टेनलेस, केशरी मूठ. मग बकमध्येच लहान काही आहे का? दुकान जवळ आहे, हातात धरून घेता येईल. आणि मित्र म्हणतो मुठीवर रबर हवंच, वडिलांच्या वेळची लाकडी मूठ रक्ताने निसटते.

सावजीप्रेमी

बकचा १०२ वुड्समन बघा, चार इंची, अरुंद पातं, मागच्या बाजूला गुदद्वाराभोवती गोल कापून नळी मोकळी करायची असते तिथे अरुंद पातं फार कामाला येतं. तो भाग वर लिहायचा राहिला, बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. ११३ रेंजर स्किनर म्हणून आहे तो सव्वातीन इंचांहूनही थोडा कमी, पात्याची धारेकडची कड जास्त गोल, सोलायला छान.

मुठीचं म्हणाल तर दुकानात जाड हातमोजा घालून धरा. नुसत्या हाताला छान वाटणारी मूठ हातमोज्यात लहान पडते. पुढे बोट पात्यावर घसरू नये म्हणून खाच किंवा आडवा गार्ड आहे का बघा, पण गार्ड मोठा नको, तर्जनी पात्याच्या पाठीवर नेताना अडतो. नुसत्या लोखंडी सांगाड्याची मूठ असलेले चाकू हलके असतात पण नोव्हेंबरात ते बर्फाचे तुकडे होतात, टाळा. लाकूड वाईट नाही, लाखेने गुळगुळीत चमकवलेलं लाकूड वाईट. रबर, मायकार्टा (राळेत भिजवलेल्या कापडाचं दाबून केलेलं साहित्य), खरखरीत प्लास्टिक, काहीही चालेल.

म्यान चामड्याचं दिसायला राजेशाही, पण रक्त शोषून घेतं आणि धुता येत नाही. चामड्याचं मिळालंच तर चाकू धुऊन, कोरडा करून मगच आत घाला, साठवताना तर म्यानाबाहेरच ठेवा.

शंकेखोर

विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा तो मेंदूचा रोग आहे ना? सीडब्ल्यूडी, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. चाकूने त्याचा संसर्ग पसरत नाही का? घाबरवायचं नाहीये, खरंच विचारतोय.

उत्तरेची_काकू

चांगला प्रश्न. आमच्याकडेही स्वीडनमध्ये मूसमध्ये तो सापडला, २०१९ मध्ये पहिल्यांदा, त्यामुळे आम्हालाही ट्रेनिंग दिलं.

सावजीप्रेमी

हो, विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून माहीत आहे. प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन, जंतू नाहीच, त्यामुळे शिजवून मरत नाही. माणसाला झाल्याची खात्रीशीर केस नाही, पण खबरदारी म्हणून बाधित हरणाचं मांस खाऊ नका असंच सांगतात. डोक्याचा, म्हणजे मानेतल्या गाठींचा नमुना तपासायला देता येतो, मॅडिसनच्या आसपासच्या काउंट्यांमध्ये तर द्याच, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा.

चाकूच्या दृष्टीने तीन गोष्टी. हातमोजे नायट्राइलचे, लांब बाह्यांचे मिळतात ते. मेंदू आणि पाठीचा कणा कापायचा नाही, पोट साफ करताना तशी गरजही नसते, कणा कापायची करवत असेल तर ती मांसाला लावायची नाही. आणि काम झाल्यावर आधी चाकू घासून मांसाचा कण न् कण काढायचा आणि मग ब्लीचमध्ये बुडवायचा. साबणाने, उकळत्या पाण्याने प्रायॉन जात नाही. घरगुती ब्लीच ४० टक्के, म्हणजे दोन भाग ब्लीच तीन भाग पाणी, त्यात पाच मिनिटं, हे स्टेनलेसच्या पृष्ठभागावर तपासलेलं आहे. पात्यावर चिकटलेल्या मांसाच्या आत मात्र ते पोचत नाही म्हणून आधी घासणं महत्त्वाचं.

पोलादी

आणि म्हणूनच कार्बन स्टील नको! ब्लीच त्याला खाऊन टाकतं. स्टेनलेसलासुद्धा पाच मिनिटांच्या वर फार वेळ ठेवू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. लाकडी मूठ असेल तर ब्लीच तिच्यात मुरतं, तिथेही प्लास्टिकच बरं.

धारेबद्दल शेवटचं. दुकानातला ओढायचा स्वस्त शार्पनर घेऊ नका, तो धार लावत नाही, पोलाद खरवडतो. आणि गावाकडे सायकलवर चाक फिरवून धार लावणारे येतात तसल्या कोरड्या चाकावर पातं कुणाला देऊ नका, ठिणग्या उडतात ना, तेवढ्यात कडेचं पाणी उतरतं, पातं निळं पडलं की तो भाग मऊ झाला समजा. एक हजार ग्रिटचा पाण्याचा दगड, दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंशात, कड उलटून बारीक तार हाताला लागेपर्यंत एक बाजू, मग दुसरी, मग जुन्या चामडी पट्ट्यावर पाच-दहा हात. मोराचं पातं घेणार असाल तर कोन शोधायची गरज नाही, त्याची रुंद उतरण सरळ दगडावर टेकवा. नवीन दगडावर आधी घरच्या सुरीवर हात बसवा.

शाकंभरी

अजूनही मला हे पटलेलं नाही, पण चर्चा वाचली सगळी. भारतात मात्र असलं काही कुणी करायला जाऊ नका, १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

किवी_कोकणी

बरोबर आहे ताई. रानडुक्कर शेत उद्ध्वस्त करतं तेव्हासुद्धा वनखात्याची परवानगी लागते, आमच्या गावात हा वाद कायम.

मॅडिसनकर

अपडेट. दुकानात हातमोजा घेऊनच गेलो, पोरगा बघत राहिला. वुड्समन छान बसला हातात पण मूठ काळी आणि म्यान चामड्याचं, मग घरी येऊन काकूंचा मोरा मागवला, केशरी, स्टेनलेस, चार दिवसांत येईल. उरलेल्या पैशात एक हजारचा दगड, लांब हातमोज्यांचा खोका आणि घडीची छोटी करवत. कम्पॅनियनचं पातं चार इंचांच्या जरा वर जातंय, पण तर्जनी पाठीवर ठेवून टोक कुठे येतं ते स्वयंपाकघरातल्या तेवढ्याच लांबीच्या सुरीने बघितलं, मापात बसतंय.

आणखी एकच विचारतो. शेतावर दिवसा तापमान पाच-सहा सेल्सियसपर्यंत जाईल असा अंदाज दिसतोय. पोट साफ केल्यावर किती वेळात थंड करावं लागतं? मित्र म्हणतो रात्रभर झाडाला टांगू.

सावजीप्रेमी

चार सेल्सियसच्या खाली लवकरात लवकर आणायचं. पोटात काठी आडवी लावून उघडं ठेवा म्हणजे हवा खेळते, आत पाणी ओतू नका, कोरड्या फडक्याने पुसा. रात्री शून्याखाली जाणार असेल तर टांगायला हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आत उतरवा. दिवसभर पाच-सहा राहणार असेल तर पोटात बर्फाच्या बंद पिशव्या घाला, सुटा बर्फ नको. आणि पाडल्यावर नोंदणी करायला विसरू नका, तुमच्याकडे हरीण हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते, फोनवरून होते.

मटणवाले_कोल्हापूर

काळीज त्याच दिवशी खा, तव्यावर, मीठ-मिरी-लसूण, जास्त शिजवू नका. मात्र तो तपासणीचा निकाल यायचा असेल तर थांबा बाबा.

उत्तरेची_काकू

निकाल येईस्तोवर काळीज फ्रीझरमध्ये. आणि रेसिप्यांचा वेगळा धागा काढा कुणीतरी, इथे सापडणार नाही नंतर.